खपणारे छायाचित्र

छायाचित्रांचा एक व्यापार असा आहे की, ज्यात माल आधी तयार होतो आणि गिऱ्हाइकाची गरज मागाहून जन्माला येते. वर्तमानपत्रे, जाहिरातसंस्था आणि पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक यांना पुढेमागे लागतील अशी चित्रे आगाऊ जमवून ठेवावयाची, आणि मागणी आली की मोबदला घेऊन ती वापरण्याचा परवाना द्यावयाचा, हा त्याचा रिवाज. ऑटो बेटमन हे गृहस्थ १९३५ साली हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून दोन पेट्या भरून चित्रे घेऊन न्यूयॉर्कला उतरले व पुढच्या वर्षी त्यांनी आपली पेढी उघडली. तेव्हापासून आजच्या संगणकावरील अफाट भांडारांपर्यंत या धंद्याचे स्वरूप पुष्कळ पालटले; पण मापे न घेता अंगरखे शिवणाऱ्या शिंप्याची जी पंचाईत व्हावी, ती या व्यावसायिकांची अद्याप टळलेली नाही.

एक उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांनी, त्याचा इतिहास ठाऊक नसताना, पाहिलेले आहे. नॅशनल जिऑग्राफिक मासिकासाठी दीर्घकाळ काम केलेले चार्ल्स ओ'रिअर हे छायाचित्रकार १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या मुलुखातून, पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या आपल्या मैत्रिणीच्या भेटीस मोटारीने चालले होते. वादळी पाऊस नुकताच सरला होता, आकाश धुऊन निघाले होते, आणि सोनोमा परगण्यातील रस्त्यालगतची एक टेकडी तृणाने हिरवीगार झाली होती. एरवी अशा उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा दिसावयाच्या. पण फायलॉक्सेरा नावाच्या, मुळांना लागणाऱ्या किडीने त्या सुमारास तेथील मळे उद्ध्वस्त केल्यामुळे वेली उपटल्या गेल्या होत्या व टेकडी मोकळी पडली होती. ओ'रिअर यांनी गाडी थांबवून चित्र घेतले आणि ते वेस्टलाइट या पेढीच्या दफ्तरी जमा केले. ती पेढी १९९८ साली बिल गेट्स यांच्या कॉर्बिसने विकत घेतली, आणि २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपी या प्रणालीबरोबर ती टेकडी जगभर गेली. आपल्याकडील कचेऱ्यांतही कारकुनाने संगणक सुरू केला की प्रथम तीच दिसे. या चित्रासाठी मायक्रोसॉफ्टने मोजलेली रक्कम करारनाम्यान्वये गुप्त आहे. परंतु मूळ फिल्मचे मूल्य एवढे ठरले की, तिचा विमा उतरून ती पोहोचविण्याची जोखीम घेण्यास कुरियर कंपनी राजी होईना, आणि अखेर मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने विमानात बसून खुद्द छायाचित्रकारासच ती सिअॅटलला नेऊन द्यावी लागली.

आता या यशाची मीमांसा करणारे विद्वान पुष्कळ आहेत. चित्रात मनुष्य नाही, इमारत नाही, कोणत्याही देशाची खूण नाही. सबब ते सर्वांना चालले, असे ते सांगतात. हे म्हणणे खोटे नाही, परंतु ते निकाल लागल्यानंतर सुचलेले आहे. अशाच निर्मनुष्य टेकड्यांची असंख्य चित्रे त्याच दफ्तरांत धूळ खात का पडली, याचा जबाब त्यातून मिळत नाही.

शिवाय रिक्ततेचा हा नियम खरा मानावा, तर त्याच कॉर्बिसकडे, बेटमन यांच्या संग्रहासह १९९५ साली आलेल्या एका जुन्या चित्राने तो साफ मोडीत काढला आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचे बांधकाम चालू असता २० सप्टेंबर १९३२ रोजी घेतलेल्या या चित्रात, शहराच्या माथ्यावर अधांतरी वाटणाऱ्या एका पोलादी तुळईवर अकरा कामगार ओळीने बसून दुपारचे जेवण घेत आहेत. येथे माणसे आहेत, प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे, पोशाख, शहर आणि काळ, सारेच निश्चित आहे. इमारतीची जाहिरात व्हावी एवढ्याच माफक हेतूने ते काढलेले. ते कोणी काढले, हेही आज खातरीने सांगता येत नाही. तरीही ते त्या संग्रहातील अत्यंत मागणी असलेल्या चित्रांपैकी एक ठरले.

माझ्या मते, विकले जाते ते चित्राचे सौंदर्य नव्हे. कोण्या अनोळखी माणसाने अद्याप न लिहिलेल्या मजकुराशेजारची जागा विकली जाते, आणि तो मजकूर छायाचित्रकारास आधी कसा वाचता यावा? व्यापाऱ्यांनी यावर शोधलेला तोडगा म्हणजे संख्या. जॉन ओरिंजर यांनी २००३ साली शटरस्टॉक हे संगणकावरील चित्रभांडार काढले, ते स्वतःची सुमारे ३०,००० चित्रे एकदम मांडून. त्यातले कोणते चालेल हे ठरविण्याचे कष्ट त्यांनी गिऱ्हाइकावरच सोपविले, यात मला व्यवहारचातुर्य दिसते.

अर्थात गिऱ्हाईकही काही त्रिकालज्ञ नसते. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९९६ साली एका विद्यार्थिनीची छायाचित्रे अशीच संग्रहासाठी काढली होती. २००४ साली डेल आणि गेटवे या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी संगणक-कंपन्यांनी, शाळा-महाविद्यालये सुरू होण्याच्या एकाच हंगामात, आपापल्या जाहिरातींत तिलाच झळकविले. आपले वेगळेपण ठसविण्यासाठी दोघींनी पैसे मोजले, आणि पदरात पडला तो एकच चेहरा.

याहून विलक्षण गत स्पेनमधील अँतोनिओ गिएम यांच्या एका चित्राची झाली. प्रेयसीचा हात धरून चालता चालता मान वळवून दुसऱ्याच तरुणीकडे पाहणारा युवक त्यांनी २०१५ साली जिरोना शहरात टिपला. ते चित्र विक्रीस ठेवलेही. दोन वर्षांनी जगभरच्या विनोदी मंडळींनी त्या तिघांवर राजकारणापासून शाळेच्या अभ्यासापर्यंत वाटेल त्या विषयांची लेबले डकवून ते घरोघर पोहोचविले, आणि त्यांपैकी बहुतेकांनी परवाना मागण्याची तसदी घेतली नाही.