हातोडा आणि कागदी फुगा



ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्यांनी गोफण फिरवली आहे, त्यांना हातोडाफेक समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. नाव हातोडा, पण घणासारखं त्यात काहीच नसतं. 7.26 किलोचा लोखंडी गोळा, सव्वा मीटरच्या आसपास तार आणि टोकाला मूठ. गोफण फिरवणारा जागेवर उभा असतो. इथे खेळाडू गोळ्याबरोबर सात फुटांच्या वर्तुळात स्वतः गरागरा फिरतो. चांगल्या फेकीत सुटतेवेळी गोळ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो आणि त्याची ओढ तीनशे किलोच्या वजनाइतकी होते. जाळीबाहेर उभं राहून मी ही फेक ऐकली आहे. आधी तारेची घरघर, मग क्षणभर शांतता, आणि दूरवर मातीत धप्प!

आज बोलायचं आहे ते जपानच्या कोजी मुरोफुशीबद्दल. 1974 साली जन्मलेल्या कोजीच्या घरात फेकण्याचं वेड रक्तातच होतं. आई रुमानियाची, भालाफेकपटू. धाकटी बहीण युकाही ऑलिंपिकमध्ये हातोडा फेकून आली. आणि वडील शिगेनोबु, ज्यांनी 1970 ते 1986 अशी सलग पाच आशियाई सुवर्णपदकं घेतली. त्यातलं 1982 सालचं आपल्या दिल्लीत. 1970च्या बँकॉकमध्ये ते हातोड्यात जिंकले, तेव्हा थाळीफेकीचं सुवर्ण आपल्या प्रवीणकुमारने आणलं होतं. तोच पुढे दूरदर्शनच्या महाभारतातला भीम. वडिलांचा राष्ट्रीय विक्रम मुलाने 1998 साली मोडला आणि 2003 साली प्रागला 84.86 मीटर फेक केली.

उंच असला तरी कोजी प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने अंगाने हलका होता. त्यामुळे त्याने हातोडा अभ्यासायला घेतला. बारबेलच्या दोन्ही टोकांना हातोडे टांगून तो बैठका मारी. गोळे हेलकावे खात, आणि तोल सावरताना सगळं शरीर जागं होई. 2007 साली त्याने हातोडाफेकीच्याच अभ्यासावर चुक्यो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

आता 2004चं अथेन्स ऑलिंपिक. शेवटच्या फेकीत कोजीने 82.91 मीटर गाठले. हंगेरीचा अॅड्रियन अॅनुस 83.19 वर होता. अठ्ठावीस सेंटिमीटर म्हणजे वीतभराहून थोडं जास्त, तेवढ्याने सुवर्ण हुकलं. पुढे अॅनुसने उत्तेजक चाचणीसाठी लघवीचा नमुना द्यायचं टाळलं आणि स्पर्धा संपता संपता त्याचं पदक काढून घेण्यात आलं. कोजी विजेता ठरला. अशा वेळी दुसऱ्या कोणी नुसता आनंद साजरा केला असता. याने मात्र पदकाच्या मागे कोरलेल्या ग्रीक ओळींचा अर्थ पत्रकारांसमोर ठेवला. पिंडार या प्राचीन कवीच्या त्या ओळी ऑलिंपियाचं नातं सत्याशी जोडतात. पदकाच्या रंगापेक्षा खेळ खरेपणाने खेळला जाणं मोठं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मला त्या सुवर्णाहून हीच गोष्ट मोठी वाटते.

2008च्या बीजिंगमध्ये तर उलटा फेरा आला. तो पाचवा आला होता. पुढचे दोघे उत्तेजकांपायी बाद झाले, तेव्हा कांस्य याच्याकडे आलं. आणि 2010 साली क्रीडा लवादाने त्या दोघांची पदकं परत केल्यावर ते गेलंही. 2011 साली छत्तिसाव्या वर्षी तो देगूला विश्वविजेता झाला, अवघ्या सहा सेंटिमीटरने. पुढच्याच वर्षी लंडनला त्याने कांस्य जिंकलं. राष्ट्रीय विजेतेपद तर त्याने 1995 ते 2014 सलग वीस वर्षं सोडलं नाही.

पदाधिकारी म्हणून त्याची वाट सरळ नव्हती, हेही सांगायला हवं. 2012 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाच्या निवडणुकीत त्याला भरपूर मतं पडली, पण प्रचाराचे नियम मोडल्याचा ठपका बसून त्याची उमेदवारी रद्द झाली. लवादाकडे दाद मागितली, तीही फेटाळली गेली. खरेपणाचा आग्रह धरणाऱ्या माणसाला तो घाव किती लागला असेल! पण त्याने खेळाची सेवा सोडली नाही. टोकियो ऑलिंपिकचा क्रीडा संचालक म्हणून त्याने काम केलं आणि ऑक्टोबर 2020 मध्ये जपान सरकारच्या क्रीडा विभागाचा आयुक्त झाला.

या आयुक्ताने लोकांसाठी व्यायामाची प्रात्यक्षिकं स्वतः करून दाखवली. त्यांत एक कागदी फुगा असे. दोन तळव्यांत तो धरायचा, अंगाला ताण द्यायचा, पण फुगा चुरगळू द्यायचा नाही. तीनशे किलोची ओढ पेललेले तेच हात!

आपल्याकडच्या स्पर्धांत हातोडाफेक मैदानाच्या एका कोपऱ्यात उरकली जाते, बघायला कोणी थांबत नाही. यंदा तुमच्या जिल्ह्याच्या मैदानावर ती असेल, तर थोडा वेळ काढून जा, आणि घरातल्या पोरांनाही घेऊन जा.