‘रॅटिफाय’ म्हणजे काय?



इंग्रजीच्या बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून माझी चूक आधी कबूल करते.

कंपनीच्या कामासाठी शांघायला होते, तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांचा मी आठवड्यातून एकदा इंग्रजीचा तास घ्यायची. त्यांतल्या एकाने एक दिवस मेल केला, करारातला बदल ‘रॅटिफाय’ झाला. आम्ही दोन आठवडे मान मोडून कोडिंग केलं. मग कळलं, होकार फक्त त्याच्या साहेबांचा होता. ग्राहकाच्या माणसाने सही केली होती, पण त्यांच्या संचालक मंडळाची मान्यता यायचीच होती. सगळं काम थांबलं. मी त्याला चारचौघांत नको तेवढं बोलले. त्याने मुकाट्याने मोबाइलमधला शब्दकोश पुढे केला. चिनीत ‘फीजुन’ हा एकच शब्द साहेबांनी रजा मंजूर केली तरी चालतो आणि देशाने तह मान्य केला तरी. इंग्रजीत पहिल्याला ‘अप्रूव्ह’, दुसऱ्याला ‘रॅटिफाय’. मग त्याचं काय चुकलं?

पुढच्या तासाला आधी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग बाई, तुमचंच ‘वाक्यात उपयोग करा’ आठवलं. अणुचाचण्यांवर पूर्ण बंदी घालणारा करार घेतला. १९९६ साली त्यावर चीनने सही केली, अमेरिकेनेही केली. पण दोघांनीही तो अजून रॅटिफाय केलेला नाही. म्हणजे प्रतिनिधीने आपल्या वतीने सही केली, तरी ‘हे आम्हाला बंधनकारक आहे’ असं घरच्यांनी म्हणायचं राहिलंच. ते म्हणणं म्हणजे रॅटिफाय.

मागून एक मुलगी म्हणाली, “मग आमच्याकडे ‘ज्वेरन’ आहे की!” अधिकार नसताना कुणी आपल्या नावाने व्यवहार केला आणि आपण तो मागाहून मान्य केला, तर तिथे हा शब्द. इंग्रजीत त्यालाही रॅटिफायच म्हणतात. मला हसूच आलं. ही तर आपली कार्योत्तर मंजुरी! तहाला मात्र त्यांच्याकडे ‘फीजुन’च. सरकारी मराठीत तहासाठी ‘अनुसमर्थन’ आहे, पण तो शब्द मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

तो सहकारी आता ते क्रियापदच टाळतो. कोणी, कुठल्या तारखेला हो म्हटलं, ते नावानिशी लिहितो. मीही तसंच लिहिते.