घड्याळ मुलाच्या बाजूने लावा



दत्तकाची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिली तक्रार असते ती प्रतीक्षेची. नोंदणी करून वर्षे उलटली, अजून फोन नाही, असे म्हणणारी जोडपी प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यांची तक्रार खोटी नाही. माझा आक्षेप आहे तो ही प्रतीक्षा मोजण्याच्या पद्धतीला. पालकांनी दत्तकाच्या पोर्टलवर अर्ज भरला, त्या दिवसापासून आपण मोजायला सुरुवात करतो. मूल संस्थेत दाखल झाले त्या दिवसापासून मोजले, तर उशीर नेमका कुठे होतो ते कळते आणि उपायही मग वेगळे सुचतात.

आधी आकडे पाहू. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट 2022 मध्ये पालकत्व आणि दत्तक कायद्यांवरील अहवाल सादर केला. त्यानुसार डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, 27,939 इच्छुक पालकांची नोंद होती. 2017 मध्ये ही संख्या अठरा हजारांच्या आसपास होती. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. बालसंगोपन संस्थांमध्ये दत्तक देता येण्याजोगी 6,996 मुले होती आणि त्यांतील केवळ 2,430 मुलांना बालकल्याण समित्यांनी दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवले होते. म्हणजे दर तीन मुलांमागे जवळजवळ दोन मुले संस्थेत होती, अनाथ वा टाकलेली होती आणि तरीही दत्तकाच्या यादीत नव्हती. ‘देशात तीन कोटी अनाथ आणि दत्तक मात्र तीन-चार हजार’ हे वाक्य सभांमध्ये टाळ्या घेते, पण ते दिशाभूल करणारे आहे. त्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एकच गमावलेली मुलेही धरलेली असतात आणि बहुतेक मुले नातेवाइकांकडे वाढत असतात. त्यांना नव्या घराची गरज नाही. आपला प्रश्न त्या कोटींचा नाही. संस्थेच्या भिंतीआड कागदाविना थांबलेल्या मुलांचा आहे.

तो कागद कसा तयार होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आईने स्वतः समितीसमोर येऊन मूल समर्पित केले, तर तिला विचार बदलण्यासाठी दोन महिने मिळतात आणि त्यानंतर मूल मुक्त ठरते. टाकलेले मूल सापडले, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत समितीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. त्या मुदतीत वर्तमानपत्रात बाळाचा फोटो आणि सापडल्याचे ठिकाण छापून यावे लागते, पोलिसांकडून पालकांचा शोध लागला नसल्याचा अहवाल यावा लागतो, जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सामाजिक तपास अहवाल द्यावा लागतो आणि वैद्यकीय तपासणी पूर्ण व्हावी लागते. यांतला एक कागद अडला की फाइल पुढच्या बैठकीवर जाते. समितीची मुदत संपून नवी नेमणूक रखडली, तर बैठकच होत नाही. पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी बदलला, तर अहवालाची मागणी पहिल्यापासून करावी लागते. कायद्याने दिलेले चार महिने असेच चौदा होतात.

पालकांच्या बाजूची प्रक्रिया त्या मानाने आखीव आहे. नोंदणी, कागदपत्रे, गृह अध्ययन अहवाल, मग क्रमांक लागेपर्यंतची वाट. क्रमांक लागला की मुलाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतात आणि अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवावा लागतो. त्यानंतर भेट, दत्तकपूर्व संगोपन आणि शेवटी आदेश. 2021 च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवला, तो वेळ वाचावा म्हणून. हेतू चांगला आहे. पण या दुरुस्तीने वेळ वाचतो तो शेवटच्या टप्प्यावर, जेव्हा मूल बहुधा नव्या घरी पोहोचलेले असते. वर्षे जातात ती पहिल्या टप्प्यावर.

आता मूळ मुद्दा. प्रतीक्षेचे कारण सांगताना आपण दोन गोष्टी नेहमी शेजारी ठेवतो: पालकांना दोन वर्षांच्या आतले निरोगी बाळ हवे असते आणि संस्थांमधली मुले मोठी असतात. जणू या दोन्ही स्वतंत्र वस्तुस्थिती आहेत. तसे नाही. आठव्या महिन्यात संस्थेत आलेले बाळ चौथ्या वर्षी मुक्त ठरले, तर ज्या वयात त्याच्यासाठी शेकडो घरे तयार होती ते वय आपल्या कार्यालयांनीच घालवलेले असते. नंतर त्याच मुलाची नोंद ‘सहजी घर न मिळणारे’ अशी होते. अशी मुले आपली व्यवस्थाच घडवते आणि पुढे त्यांना घर मिळत नाही म्हणून पालकांना बोल लावते.

यावर पहिला आक्षेप येईल: मग हे सोपस्कार कमी करा, रुग्णालयातून किंवा संस्थेतून थेट मूल घेऊ द्या. हे मला मान्य नाही. विदेशी दत्तकातील गैरप्रकारांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाला 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात नियम घालून द्यावे लागले. 2021 मध्ये करोनात पालक गमावलेल्या बाळांचे ‘दत्तक द्यायचे आहे’ असे संदेश मोबाइलवर फिरले आणि सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला. मुलांची विक्री अशाच आडवाटांनी होते. पालकांची तपासणी ढिली करून वेळ वाचवायचा नाही. तपासणी तीच ठेवून रिकामे जाणारे दिवस वाचवायचे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घाईने मुक्त ठरवाल, तर गरिबाचे मूल श्रीमंताच्या घरी जाईल. केवळ हलाखीमुळे बालगृहात ठेवलेल्या मुलाला आईपासून तोडणे हा अन्यायच आहे. म्हणूनच केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये आर्थिक प्रायोजकत्वाची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. मूल घरी राहू शकत असेल, तर तो पैसा आधी पोहोचला पाहिजे. पण हे ठरवण्यासाठीही फाइल उघडावी लागते. निर्णय न घेतल्याने आईला मदत मिळत नाही आणि मुलाला घर मिळत नाही. ज्या मुलाला वर्षभर कोणी भेटायला आले नाही त्याची फाइल बंद ठेवण्याला गरिबांविषयीची सहानुभूती म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट पालकांना सांगायची आहे. दत्तक घेण्याचा, आणि अमुकच मूल मिळण्याचा, मूलभूत हक्क नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट केले. पसंती सांगण्यात गैर काही नाही. पण सहा वर्षांवरील मुलांसाठी प्रतिपालकत्वाचा (फॉस्टर केअर) मार्ग आता खुला आहे आणि 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यातून दोन वर्षांनी दत्तकाकडे जाता येते. नोंदणीच्या वेळी या वाटेची नीट माहिती देणे हे आपल्या संस्थांचे काम आहे.

आणखी एक दुवा महाराष्ट्राच्या इतिहासातला आहे. 1863 मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला पुढे दत्तक घेतले. बाईला बाळासह सुरक्षित दार हवे, हा त्यामागचा विचार होता. आजही अविवाहित मातेला कायदा गोपनीयतेची हमी देतो, पण ते तिला सांगणारे कोणी भेटत नाही आणि बाळ कुंपणाशी सापडते. समर्पित बाळ दोन महिन्यांत मुक्त होऊ शकते. टाकलेल्या बाळासाठी पोलीस तपासाची वाट पाहावी लागते. आईची भीती कमी केली, तर बाळाची प्रतीक्षा कमी होते.

बदल होऊ शकतो, याचा पुरावा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थांमधील अनाथ, परित्यक्त आणि समर्पित मुले शोधण्याची मोहीम दर दोन महिन्यांनी राबवण्याचा आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष दत्तक संस्था उभारण्याचा आदेश दिला. तेव्हा 760 जिल्ह्यांपैकी 390 जिल्ह्यांतच अशी संस्था होती. शोध सुरू झाला आणि 2024-25 मध्ये 4,515 मुले दत्तक गेली, त्यांतील 4,155 देशातच. एवढ्यात समाजाचे मन पालटलेले नाही. फाइली उघडल्या गेल्या, इतकेच.

म्हणून दत्तकावरील या परिषदेने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक जिल्ह्याने दर तिमाहीला एक तक्ता जाहीर करावा: मूल संस्थेत आले ती तारीख, मुक्त ठरले ती तारीख, आणि उशीर असल्यास तो कोणत्या कागदामुळे. मुलाचे नाव नको, फोटो नको. तारखा आणि कारण पुरेसे आहे. पालक संघटनांनी ‘आमचा क्रमांक कितवा’ असे विचारण्याऐवजी हा तक्ता मागावा. तो मिळेपर्यंत मागत राहावे.