पिकण्याच्या सीमेवरचे द्राक्ष : बर्गंडीचा पिनो न्वार

द्राक्ष पिकण्यापुरतीच ऊब जेथे मिळते, त्या प्रदेशातील तांबड्या वाइनचा स्वभाव उष्ण प्रदेशातील वाइनहून मुळातच वेगळा असतो, आणि हा वेगळेपणा पूर्व फ्रान्समधील बर्गंडीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल. दिजों शहरापासून दक्षिणेकडे सुमारे 50 किलोमीटर गेलेल्या कोत-दोर या चिंचोळ्या डोंगरउतारावरची तांबडी वाइन जवळजवळ सर्वस्वी पिनो न्वार या एकाच जातीची असते. तिच्या मण्यांची साल पातळ असल्यामुळे वाइनचा रंग फिका राहतो आणि टॅनिन, म्हणजे जिभेला तुरट लागणारे द्रव्य, बेताचेच उतरते. त्यामुळे या वाइनची सारी भिस्त सुगंध आणि आम्लता यांवर असते.

मण्यांत पाणी उतरू लागले की साखर वाढते आणि आम्लता घटते. उष्ण हवेत ही घडामोड इतक्या वेगाने होते की सुगंध पुरता भरण्याआधीच साखर तोडणीची घाई करते. थंड रात्री मात्र आम्ल टिकवून धरतात, आणि चेरी-रास्पबेरीचा तो नाजूक गंध, जो जुन्या वाइनमध्ये ओल्या पालापाचोळ्याच्या वासाकडे झुकतो, त्या संथपणातूनच येतो. नाशिकच्या बागेत वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी करून बागाईतदारच तिचे वर्ष ठरवतो; बर्गंडीत ते वर्ष हिवाळा ठरवतो, कारण पाने गळून वेल वसंतापर्यंत निश्चेष्ट पडून राहते.

इतक्या काठावरच्या हवामानात उताराची पाच-पंचवीस पावलेही मोलाची ठरतात. पायथ्याशी माती भारी असते आणि गार हवा साचते, माथ्यावर माती विरळ व वारा बोचरा असतो. मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चुनखडीयुक्त चिकणमाती यांमुळे पाण्याचा निचरा होतो, आणि पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन थेट पडते. उत्तम बागा प्रायः याच पट्ट्यात आहेत. येथे प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव असून त्याला ‘क्लिमा’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचमध्ये एरवी हवामानाचा वाचक असला तरी येथे त्याचा अर्थ नाव असलेली, सीमा आखलेली जमीन असा आहे. अशा 1,247 तुकड्यांच्या या भूप्रदेशाला 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाची आहे: सिस्टर्शियन मठवासीयांनी सुमारे 50 हेक्टरांची क्लो द वूजो ही कुंपणबंद बाग शतकानुशतके जोपासली, आणि 1395 मध्ये ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणाऱ्या गामे या जातीच्या वेली उपटण्याचा हुकूम काढून पिनोची बाजू घेतली.

तोडणीचा दिवस जाहीर करण्याची प्रथा असल्यामुळे बोन या गावाच्या दप्तरांतून 1354 पासूनच्या तारखा जुळवता आल्या, आणि द्राक्षानेच लिहिलेली तापमानाची ही वही अनेक वेधशाळांहून जुनी आहे. 1987 पर्यंत तोडणी सरासरीने सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होत असे. 1988 नंतर ती सुमारे 13 दिवस अलीकडे आली, आणि 2003 च्या उष्ण लाटेत तर ऑगस्टमध्येच सुरू झाली. या बदलाची खरी क्रूरता वसंतात कळते. मार्चची ऊब डोळे लवकर फोडते, पण एप्रिलमधले दव गोठणे थांबलेले नसते; 2021 च्या एप्रिलमध्ये कोवळे फुटवे वाचवण्यासाठी बागाईतदारांनी रात्रभर ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवल्या, जशा निफाडच्या बागांत कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटतात, आणि तरीही पुष्कळ पीक गेले. दुसरीकडे, ज्या ‘ओत-कोत’ नावाच्या वरच्या टेकड्यांवर द्राक्ष धड पिकत नाही म्हणून त्यांना दुय्यम मानले जाई, तेथील घड आता पूर्वीपेक्षा नियमितपणे पिकू लागले असून बागाईतदारांचे लक्ष त्या थंड उंचीकडे वळू लागले आहे.