कोवळं गवत, दुभती गाय आणि मॅग्नेशियम



पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले की बांधावर कोवळं गवत येतं. उन्हाळाभर कडबा खाल्लेली गाय त्यावर तुटून पडते. आणि एखाद्या दिवशी तीच गाय कान टवकारून उभी राहते, अंगाला हात लावू देत नाही, कातडी थरथरते, चालताना झोकांड्या खाते. मग कोसळून पाय झाडते, तोंडाला फेस येतो. कुणी म्हणतं साप चावला, कुणी म्हणतं पिसाळली, कुणी लिंबू उतरवायला घेतं. तेवढ्यात दोन-तीन तास जातात आणि गायही जाते.

हे मॅग्नेशियम कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टर याला ग्रास टिटॅनी म्हणतात. मॅग्नेशियम हे नसा आणि स्नायूंचं काम नीट चालवणारं खनिज. गाईच्या हाडांत ते असतं, पण गरजेला तिथून झटपट निघत नाही. रोजचं रोज चाऱ्यातूनच यावं लागतं. इकडे लिटरभर दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम बाहेर जातं. कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी आणि पालाश जास्त. पालाश जास्त झालं की आहे तेही पोटात नीट शोषलं जात नाही. युरिया-पोटॅश भरपूर टाकलेल्या हिरव्या चाऱ्याचंही तेच. म्हणून नुकती व्यालेली, जास्त दुधाची गाय आधी पडते.

अशा वेळी लगेच पशुवैद्यकाला बोलवा. महाराष्ट्रात १९६२ हा शासनाचा टोल फ्री नंबर आहे. गाईभोवती गर्दी, गोंगाट नको, त्यानं झटके वाढतात. तोंडात पाणी किंवा औषध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. तोंडात हातही घालू नका, खरंच पिसाळलेली असली तर? शिरेतून द्यायचं औषध हळूहळूच द्यावं लागतं, नाहीतर हृदय बंद पडतं. त्यामुळे ते कुणाही ओळखीच्याकडून टोचून घेण्याचं काम नव्हे.

ही वेळ येऊ नये म्हणून भुकेली गाय कोवळ्या गवतावर सोडू नका. आधी थोडा कडबा किंवा वाळलेलं गवत घाला. मीठ आणि खनिज मिश्रण रोज द्या. डॉक्टर मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर सांगतील, तर ती पेंडीत किंवा गुळात कालवा; नुसती गाय तोंड लावत नाही. आणि वासराला महिनोन्महिने फक्त दुधावर ठेवू नका, त्यालाही असेच झटके येतात.

आता आपलं. माणसातही हे खनिज फार घटलं तर थकवा, पायात गोळे, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, क्वचित झटकेही येतात. लांबलेले जुलाब, ताब्यात नसलेला मधुमेह, दारू, वर्षानुवर्षं घेतलेल्या पित्ताच्या गोळ्या ही त्याची कारणं. पायात गोळे आले म्हणजे मॅग्नेशियमच कमी असं मात्र नाही. कारणं बरीच असतात, तपासून घ्या.

१०० ग्रॅम ज्वारी-बाजरीत मॅग्नेशियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, पॉलिशच्या तांदळात जेमतेम वीस. भाकरी सोडून रोज भातावर आलेल्या घरांनी याचा विचार करावा. तीळ, शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या आहेतच. गोळ्या मात्र मनानं घेऊ नका. किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम अंगात साठून जिवावर बेततं.