काउंटरमागचा माणूस



डबघाईला आलेल्या पुस्तकांच्या दुकानाला नवा प्रमुख मिळाला की सगळे त्यालाच प्रश्न विचारतात. काउंटरमागे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाला मात्र कुणी विचारत नाही. दुकान तरणार की बुडणार, हे आधी त्यालाच कळतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

अमेरिकेत ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी 1971 साली दोन भावांनी ‘बॉर्डर्स’ सुरू केलं. तिथे नोकरी मागायला येणाऱ्याची पुस्तकांच्या माहितीची परीक्षा होत असे. पुढे दुकानांची साखळी झाली आणि 1999 मध्ये किराणा-औषधांच्या व्यवसायातले ग्रेग जोसेफोविच प्रमुख झाले. 2009 मध्ये आलेले रॉन मार्शलही किराणा व्यवसायातलेच. वर्षभरात तेही गेले. मधल्या काळात ऑनलाइन विक्री ॲमेझॉनच्या हाती सोपवून झाली होती. प्रत्येक नवा साहेब नवी योजना आणी. अमुक पुस्तकाच्या इतक्या प्रती खपल्याच पाहिजेत, असे आकडे वरून येत. परीक्षा देऊन आलेल्या वाचकांना न वाचलेलं पुस्तक गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायला लावणं, हा त्यांच्या जाणतेपणाचा अपमान होता. 2011 च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, सप्टेंबरपर्यंत शेवटची दुकानं बंद झाली. सुमारे 10,700 माणसांची नोकरी गेली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘वॉटरस्टोन्स’ विकायला निघालं होतं. अलेक्झांडर मामुत या रशियन उद्योगपतीने ते 5 कोटी 30 लाख पौंडांना घेतलं आणि सूत्रं जेम्स डाँट यांच्याकडे दिली. डाँट स्वतः पुस्तकविक्रेते. 1990 पासून लंडनमध्ये त्यांचं दुकान. त्यांनी ‘दोनावर एक फुकट’ ही सवलत बंद केली. त्याहून धाडसाचा निर्णय दर्शनी टेबलाचा होता. त्या टेबलावर आणि खिडकीत कोणतं पुस्तक झळकणार, हे प्रकाशकांच्या पैशावर ठरत असे, आणि ती रक्कम वर्षाला कोट्यवधी पौंडांची होती. तोट्यातल्या कंपनीने हातातला तो पैसा सोडला. आता त्या टेबलावर काय ठेवायचं, ते त्या त्या गावातल्या दुकानाने ठरवायचं होतं. मित्रहो, आपल्यापैकी ज्यांनी सकाळी गठ्ठे सोडून टेबल लावलं आहे, त्यांना यातला आनंद सांगायला नको. आपण निवडलेलं पुस्तक गिऱ्हाईक उचलतं, मागचा मजकूर वाचतं आणि घेऊन जातं. न खपता प्रकाशकांकडे परत जाणारा माल झपाट्याने घटला. 2016 मध्ये कंपनी अनेक वर्षांनी नफ्यात आली.

पण गोष्ट इथे थांबवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 2013 मध्ये याच डाँट यांनी व्यवस्थापकांच्या जागांची फेररचना केली आणि सुमारे 200 व्यवस्थापक बाहेर पडले. कठीण काळात दुकान सांभाळलेली माणसं होती ती. दुकान वाचवायला हे करावं लागलं, असं समर्थन होतं. मला ते आजही पटत नाही. 2019 मध्ये विक्रेत्यांनी जगण्यापुरतं वेतन मागणारा अर्ज केला, त्यावर हजारो सह्या झाल्या, शेकडो लेखक पाठीशी उभे राहिले. मागणी रास्त आहे, पण परवडत नाही, असं उत्तर मिळालं.

त्याच वर्षी डाँट अमेरिकेतल्या ‘बार्न्स अँड नोबल’चेही प्रमुख झाले. 2018 मध्ये तिथे मोठी नोकरकपात झाली होती. उरलेले लोक धास्तावलेले होते. डाँट यांनी खरेदीचे निर्णय दुकानांकडे दिले, आणि बंद पडत चाललेली साखळी पुन्हा नवी दुकानं उघडू लागली. तरीही 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या मोठ्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांनी प्रचंड बहुमताने संघटना केली. यात मला विसंगती दिसत नाही. पुस्तकं निवडण्याचा अधिकार मिळाला, तो त्यांनी आनंदाने घेतला. घरभाड्याचा प्रश्न मात्र त्या अधिकाराने सुटला नव्हता.

आपल्याकडे दुकानाचा नवा प्रमुख बहुधा घरातूनच येतो. वडील थकतात, मुलगा किंवा मुलगी गल्ल्यावर बसते. संगणक येतो, पाटी बदलते, फर्निचर बदलतं. वडिलांच्या काळापासूनचे काका मात्र शिडीवर चढून तीच पुस्तकं काढत राहतात. कोणत्या शाळेतले शिक्षक जूनमध्ये काय मागतात, कोणत्या कवीच्या प्रती धूळ खातात, कोणता वाचक उधारी नक्की फेडतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचा पगार मात्र आपण संकोचाने सांगतो.

नव्या पिढीतल्या मालकांना माझी विनंती आहे. पुढची खरेदी करण्याआधी यादी घेऊन या सहकाऱ्यांसोबत बसा. त्यांनी खोडलेली नावं खोडा, सुचवलेली घाला. आणि त्याच बैठकीत त्यांचा पगार नव्याने ठरवून मगच उठा.