पुसलं म्हणजे पकडलं नव्हे



परभणीत बोलायचं म्हणजे स्टेशनाबाहेरच्या पुतळ्यापासूनच सुरुवात. 10 डिसेंबर 2024 ला तिथली संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, मग पोलीस वस्त्यांत घुसले. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. लाठ्या कशा चालल्या ते देशानं पाहिलं लोकांच्या मोबाईलमधून.

ते व्हिडिओ पडलेत कुणाच्या गोदामात? फेसबुकच्या, यूट्यूबच्या. शेठ अमेरिकेतला, पण कुलूप लावायला सरकार. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय गृहखात्यानं ‘सहयोग’ पोर्टल काढलं. आयटी कायदा, कलम 79(3)(ब). पोलिसानं तिथून नोटीस धाडायची, कंपनीनं मजकूर उतरवायचा. नाय उतरवला तर कंपनीचं संरक्षण गेलं. जज्ज नाही, सुनावणी नाही. एक्स कंपनी कर्नाटक हायकोर्टात भांडली, 24 सप्टेंबर 2025 ला हरली. आधी मुदत 36 तासांची होती, फेब्रुवारी 2026 पासून 3 तास. तेवढ्यात शेठचा वकील खरंखोटं कशाला करील? उतरवील आणि मोकळा होईल. नोव्हेंबर 2025 पासून डीआयजीखालच्या पोलिसानं नोटीस काढायची नाही. बरं झालं. पण लाठीचा हुकूम तरी कुठं हवालदार देतो?

मी गोदीत माल ओढतो. तिथं एक पेटी हलली तरी गेटपास लागतो. इथं अख्खा पुरावा हलतो, पावती कुणाच्याच हातात नाय.

लेकरांची घाण चित्रं, फसवणुकीची दुकानं तासात काढा, आमची ना नाही. पण बाबासाहेबांवर कुणी गरळ ओकतो, आपण रिपोर्ट करतो, पोस्ट जाते, आपण नाचतो. कशापायी? ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं तो गुन्हा झालाय. पोस्ट पुसली आणि हरामखोर घरी झोपला!

म्हणून आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ. मग एफआयआर. साहेब म्हणतील, पोस्ट तर गेली. सांगा, 2021 च्या नियमांत काढलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपायचं कंपनीवर बंधन आहे. आजच पत्र धाडा, खातेदाराचं नाव मागवा.

आणि सोमनाथच्या मरणाचा एफआयआर घ्या, हे हायकोर्टानं कधी सांगितलं? 4 जुलै 2025 ला. सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं, 30 जुलैला तिथंही हरलं. मरणापासून हायकोर्टाच्या हुकमापर्यंत मोजा: 201 दिवस. कंपनीचे 180 केव्हाच संपले असते. तेव्हा लाठीच्या व्हिडिओची मूळ फाईल एकाच मोबाईलात ठेवू नका. तीन घरांत ठेवा, त्यातलं एक परभणीबाहेरचं.